डेक तुहाच हाय

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते वाचताना कोणाला त्याची दया येऊ नये, एवढाच हेतू. तो देऊळगाव राजात बाबांच्या घरात राहतो आणि मी त्या घराच्या पाठीमागे. मधे चार फुटांची बोळ. माझ्या कोठीच्या खोलीची खिडकी आणि त्याच्या हॉलची खिडकी अगदी समोरासमोर. हा प्लॉट माझ्या नवऱ्याला बाबांनीच शोधून दिला होता, पोरगी हाकेच्या अंतरावर राहावी म्हणून. या अंतराचा मी पुढे काय उपयोग करणार आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार?

भांडण डेकवरून. डेक म्हणजे आमच्याकडे ते सगळंच आलं: दोन कॅसेटचा टेप, त्याखालचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन अंगांना दोन बॉक्स. बाबा पंचायत समितीत क्लार्क होते. पान नाही, तंबाखू नाही, सिनेमासुद्धा नाही, पण आवाजाच्या बाबतीत माणूस मोठा हट्टी. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी जालन्याहून आणला. तयार बॉक्स काही त्यांच्या कानाला पसंत पडेनात. घरात आजी-आजोबांच्या वेळची सागवानी बंगई, म्हणजे कड्यांना टांगलेला झोपाळा, होती. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा ती उतरवून भिंतीशी उभी करून ठेवलेली होती. बाबांनी दुसरबीडचा एक सुतार बोलावला, त्या बंगईची फळी चिरली आणि तिचे दोन बॉक्स करून घेतले. बंगईच्या कड्यांची भोकं सुताराने लाकडाच्या गोल चकत्यांनी बुजवली होती. दोन्ही बॉक्सच्या माथ्यावर त्या चकत्या दिसत. लहानपणी गाणं ऐकताना मी त्यांच्यावर बोट फिरवत बसायची.

त्या डेकची सगळी उस्तवार माझ्याकडे होती. दर रविवारी कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसायचं, सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळायची, कॅसेट पेटीत ओळीने लावायच्या. भावाला हात लावायची बंदी होती. पाचव्या वर्षी त्याने बाबांची आवडती भजनाची कॅसेट अख्खी ओढून बाहेर काढली होती आणि फीत मुंडावळ्यांसारखी कपाळाला बांधून घरभर फिरला होता. तेव्हापासून डेकच्या खोलीत तो आला की बाबा फक्त मान वर करून बघायचे. मला मात्र ते म्हणायचे, "हे तुलेच समजते." या एका वाक्यावर माझा डेकवरचा हक्क उभा आहे. कागद नाही, पण वाक्य होतं.

बाबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. आमच्याकडे बाप गेला की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना रजिस्ट्री ऑफिसात नेतात. शेत आणि घर भावाच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून बहीण हक्कसोड लिहून देते. कायद्याने तिचा वाटा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तो मागितला की माहेर तुटतं हेही सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे ती मागत नाही. सही झाली की तिला साडी नेसवतात, पुरणपोळीचं जेवण होतं आणि चारचौघी तिला मोठ्या मनाची म्हणतात. मी शिकलेली बाई, बसस्टँडजवळ टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे क्लास घेते, दुसऱ्या बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगते. आणि मीसुद्धा गुमान गेले. शेताचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही.

सहीच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला होता. तो टाइप करत नाही, फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलतो आणि पाठवून देतो. तो निरोप मी इतक्यांदा ऐकला आहे की श्वास कुठे घेतला तेही सांगू शकेन. "ताई, उद्या अकराले रजिस्ट्रीच्या ऑफिसात ये. फक्त सही कराची हाय, दुसरं काही नाही. आन् हे पाय, बाबाचा डेक तुहाच हाय. त्याले मी हात बी लावत नाही. झालं?" असं तो म्हणाला. स्वच्छ आवाजात, कोणी न विचारता. उत्तरादाखल मीही काहीतरी बोलून पाठवलं असेल. ते एवढं महत्त्वाचं नाही.

सही झाली, साडी झाली. डेक काही आला नाही. मी वाट बघितली. माहेरात मागायचं नसतं, आणि मी तर मोठ्या मनाची. दसरा गेला. दिवाळीत त्याने हॉलला टाईल्स बसवल्या आणि भिंतभर शोकेस केलं. भाऊबीजेला ओवाळायला गेले तर शोकेसच्या मधोमध डेक, दोन बाजूंना बॉक्स, आणि बॉक्सवर प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या. भावजय कौतुकाने म्हणाली, "ताई, हॉलले कसा शोभून राह्यला ना?" मी त्याला ओवाळलं. ताटातला दिवा माझ्या हातात होता आणि डोक्यात तिडीक गेली होती. घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माग ना मग." पुरुषांना सगळं किती सोपं वाटतं!

आणि यावर कडी म्हणजे, संक्रांतीच्या आसपास भावाने मलाच बोलावलं. त्याने काडेपेटीएवढी एक डबी आणली होती. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांना लावली की फोनवरचं किंवा कॉम्प्युटरवरचं गाणं वायरीशिवाय डेकमधून वाजतं. त्याला ती लावता येईना. "ताई, तुलेच समजते हे," तो म्हणाला. बाबांचं वाक्य, त्याच्या तोंडून! जो डेक मला द्यायचा, तो त्याच्या हॉलमध्ये नीट वाजावा म्हणून मी गुडघ्यांवर बसून पिना लावल्या. डबी चालते की नाही हे बघायला आधी माझा लॅपटॉप जोडला. डेकमधून 'टुंग' असा आवाज आला आणि मी लावलेलं भजन बाबांच्या बॉक्समधून बाहेर पडलं. तोच भरदार आवाज. मला रडू आलं आणि ते मी कोणाला दिसू दिलं नाही. मग त्याचा फोन जोडून दिला, चहा घेतला आणि घरी आले.

आठवड्याभराने मी कोठीत गव्हाच्या ड्रमवर लॅपटॉप ठेवून काम करत होते, कारण तिथे दुपारी गारवा असतो. सहज बघितलं तर जवळच्या उपकरणांच्या यादीत त्याची डबी दिसत होती. बोळ ओलांडून, दोन खिडक्यांतून, ती माझ्या लॅपटॉपला ओळख देत होती. मी दाबलं. समोरच्या हॉलमधून 'टुंग' ऐकू आलं. असा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

त्या डबीचा स्वभाव मी चार दिवसांत पाठ केला. ती एका वेळी एकाचीच. भावाचा फोन जोडलेला असला की मला दाद देत नाही. पण तो फोन खिशात घालून कोपऱ्यापर्यंत गेला की डबी त्याला सोडते, आणि मग जो आधी हात घालील त्याची. माझी खिडकी उघडी हवी. बंद असली की आवाज तुटत येतो. भाऊ दुपारी जेवून दोन वाजता हॉलमधल्या दिवाणावर आडवा होतो आणि फोन बंद करून आतल्या खोलीत चार्जिंगला लावतो, हे मला लहानपणापासूनच्या त्याच्या आळसावरून आधीच माहीत होतं.

काय वाजवावं याचा मी फार विचार केला नाही. क्लासमध्ये शासकीय टायपिंगच्या सरावासाठी एका माणसाच्या आवाजातलं पत्र आहे. इतका मुर्दाड आवाज दुसरा नसेल. भावाचा डोळा लागला असेल अशा हिशेबाने मी ते लावलं. "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही." एवढं झालं की बंद. खिडकीच्या जाळीतून मी बघत होते. तो उठून बसला, इकडेतिकडे बघितलं, डेकजवळ गेला आणि त्याच्या डोक्यावर चापट मारली. मी पदर तोंडात कोंबून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी खंड पाडून चौथ्या दिवशी. रोज केलं तर कळलं असतं. सूड उगवायचा तर त्याला शिस्त लागते, हे मला तेव्हा उमगलं.

महिन्याभरात त्या घरात गोंधळ माजला. भावजयीने डेकला लिंबू-मिरची बांधली. जालना रोडवरचा एक मेकॅनिक येऊन गेला. त्याने मान हलवत सांगितलं की जुना माल आहे, पोलिसांचं वायरलेस धरत असेल. भावाने ते खरं मानलं आणि दोन दिवस ओळखीच्या हवालदाराला गाठून विचारत फिरला. शेवटी तो माझ्याकडेच आला. मी गेले, चहाबरोबर शंकरपाळे खाल्ले आणि डेकच्या मागे डोकावल्यासारखं केलं.

"ताई, मधीच कोणी माणूस बोलून राह्यला याच्यात," तो म्हणाला.

"काय बोलते?"

"सरकारी बोलते. कार्यवाही झाली नाही म्हणते."

"मंग कर ना कार्यवाही."

तो हसला. मला वाटलं होतं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. मी सरळच विचारलं, "डेक कोणाचा हाय रे?"

"बाबाचा."

"आन् बाबाच्या मागं?"

तो जरा गोंधळला. "आता ताई, तूच तं..." असं काहीतरी म्हणायला लागला. तेवढ्यात भावजय चहाचे कप उचलायला आली आणि मी उठले. मला त्याची सारवासारव ऐकायचीच नव्हती. एकांतात त्याने कबूल केलं असतं तरी माझं समाधान झालं नसतं. सहीच्या दिवशी ज्या बायकांनी मला मोठ्या मनाची म्हटलं होतं, त्यांच्या कानांवर त्याचा शब्द पडायला हवा होता. त्याच्या तोंडून, बाबांच्याच बॉक्समधून. तो निरोप माझ्याकडे होता, डबी माझ्या टप्प्यात होती, आणि बाबांचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं.

वर्षश्राद्धाला सगळ्या आल्या. उंद्रीहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. दोन चुलत बहिणी, भावजयीची आई, शेजारच्या चारजणी. सकाळी पिंडदान झालं, दुपारी हॉलमध्ये बायकांची पंगत बसली. भावाने फोनवरून बाबांची भजनं लावली होती. आत्या डेककडे बघत होती. "पोरानं बापाची आठवण जपली बाई," कोणीतरी म्हणालं, आणि दुसरीने री ओढली. मी पंगतीत वाढत होते. हातातली भाजी मी कोणाच्या पानात किती वाढली, मला आठवत नाही.

मी भावजयीला म्हटलं, ताक माझ्या फ्रिजमध्ये आहे, घेऊन येते. ताक खरंच होतं, मीच ते मुद्दाम माझ्याकडे ठेवलं होतं. कोठीत लॅपटॉप ड्रमवर तयार होता, फोनवरचे निरोप त्याच्यावर उघडलेले, भावाचा तो निरोप समोर. मी खिडकी सताड उघडली. आता फक्त तो बाहेर जायला हवा होता. गुरुजी जेवून उठले होते. भाऊ त्यांना मोटारसायकलीपर्यंत सोडायला निघाला, फोन खिशात घालून. मी कान टवकारले. भजन अडखळलं, तुटलं, थांबलं. मी दाबलं. नाही झालं. पुन्हा दाबलं.

टुंग.

"ताई, उद्या अकराले रजिस्ट्रीच्या ऑफिसात ये..." भावाचा आवाज हॉलभर घुमला. बाबांच्या बॉक्समधून तो आहे त्यापेक्षा मोठ्या माणसाचा वाटत होता. पंगतीतले हात थांबलेले मला दोन खिडक्यांतून दिसले. "...बाबाचा डेक तुहाच हाय. त्याले मी हात बी लावत नाही. झालं?" झालं! वर्षभराचं उट्टं बारा-पंधरा सेकंदांत निघालं होतं. ऐका म्हटलं, सगळ्याजणी ऐका.

आणि मग डेकमधून मीच बोलायला लागले.

दहा वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर शिकवते. एकापाठोपाठ आलेले आवाजी निरोप एक संपला की दुसरा आपोआप वाजतो, हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. रागात ते साफ विसरले. घाईघाईत बंद करायला गेले तर बोट आवाज वाढवायच्या बटणावर पडलं. माझाच आवाज, लाडिक, बोळभर झाला. "अरे ठेव रे बापा तुह्याजवळच. मले काही नको. माह्या घरात कुठं जागा हाय त्या बॉक्सले? माहेर उघडं ठेव म्हंजे झालं. मी येत जाईन ऐकाले." त्याच्या शेवटी मी हसलेसुद्धा होते. तेही वाजलं. मी लॅपटॉपचं झाकण आपटलं, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

हे मी बोलले होते? बोलले असणार, आवाज माझाच होता. वर्षभर त्याचा निरोप शंभरदा ऐकला आणि माझा एकदाही ऐकला नाही.

ताकाचं पातेलं घेऊन बोळ ओलांडायला मला चार पावलं लागतात. त्या दिवशी ती फार लांब वाटली. हॉलच्या दारात भाऊ उभा होता. गुरुजींना सोडून तो नेमका माझ्या वाक्यांना परतला होता. त्याचं स्वतःचं वचन त्याने ऐकलंच नव्हतं. ज्याला ऐकवायचं तो बाहेर गेल्याशिवाय डबी माझी होत नव्हती, आणि ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"मी तेच सांगत होतो त्या दिवशी," तो म्हणाला. डबीचं कोडं त्याला उलगडलं होतं की नाही कोण जाणे, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. "तूच तं नको म्हणली होती ताई."

माझ्या डोक्याचा भुगा झाला. पातेलं तिथेच खाली ठेवलं. "नको म्हणली! नको म्हणाचंच असते. कोणती बहीण तोंड वर करून हाव, दे म्हणते? तू दुसऱ्यांदा इचारलं काय मले?"

"नको म्हणली तं मी नको समजलो. मले काय माहीत?"

"तं आता ऐक. सगळ्यायच्या देखत सांगते. डेक मले पाहिजे."

असं वाक्य मी त्या घरात जन्मात कधी बोलले नव्हते. साडी दिली तर घेतली, नाही दिली तर नाही. पाहिजे हा शब्दच माहेरात वापरायचा नसतो. पंगतीतली एकही बाई हालली नाही. मला वाटलं होतं, तो चिडेल, भावजय रडेल, मग मी वर्षभर घोटलेली वाक्यं एकेक करून बाहेर काढीन. भाऊ फक्त म्हणाला, "मंग ने ना. जेवणं झाले का आणून देतो." आणि पातेलं उचलून ताक वाढायला लागला. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. मला त्याचा तेव्हा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता.

त्याने शब्द पाळला. तीनच्या सुमाराला आधी टेप, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग एकेक बॉक्स असे बोळीतून त्याने स्वतः वाहून आणले आणि माझ्या कोठीत, ड्रमच्या शेजारी, ठेवले. घरात दुसरीकडे खरंच जागा नव्हती. लिंबू-मिरची तशीच लोंबत होती. घाम पुसत त्याने विचारलं, "पिना मी लावू का तू लावतं?" मी म्हटलं, मी लावीन. तो गेला.

त्याच्या मागोमाग आत्या आली होती. ती दारात उभी राहून बॉक्सकडे बघत होती. मग आत येऊन खाली बसली आणि माथ्यावरच्या लाकडी चकतीवर बोट फिरवायला लागली, मी लहानपणी फिरवायची तसंच.

"हे कडीचं भोक," ती म्हणाली. "बंगई धरून मी शिकली चालाले. मायच्या मांडीवर बसाची आन् माय पायानं झोका द्याची."

बंगई आमच्या घरातली म्हणजे तिच्याही घरातली, हे मी पन्नास वर्षांत कधी मनात आणलं नव्हतं.

"माय गेली आन् म्या सही केली ना, तव्हा तुह्या बाबानं मले इचारलं होतं. बंगई नेतं काय म्हणे. म्या म्हणलं, नको रे बापा, माह्या घरात कुठं जागा हाय." ती हसली. "पुढच्या दिवाळीले आली तं हे दोन डब्बे उभे."

"बाबांनं पुन्हा नाही इचारलं?"

"काऊन इचारीन? नको म्हणली होती ना म्या." तिचं बोट फिरतच होतं. "जागा नव्हती असं नाही. उंद्रीच्या घराचं आढं मजबूत हाय. म्या तं घरी जाऊन कड्या बी ठोकून घेतल्या होत्या. मले वाटलं, दादा आणून देईन. अजून हायेत त्या कड्या. लसणाच्या जुड्या टांगलेल्या राह्यतात त्यायले."

माझ्या भावाविषयी माझ्या मनात जे जे होतं, ते बाबांच्या नावाने माझ्यासमोर येऊन बसलं. ज्या बाबांच्या एका वाक्यावर मी वर्षभर दात-ओठ खाल्ले, त्यांनीही एका बहिणीचं नको खरं मानलं होतं. आणि त्यावर माझं सगळं बालपण वाजलं होतं.

"आत्या," मी म्हटलं, "तू ने ना हे बॉक्स."

"नको गं माय," ती लगेच म्हणाली. "माह्या घरात कुठं जागा हाय."

तेच शब्द. तिचा हात अजून लाकडावरच होता. मला त्या नकोचा अर्थ माहीत होता. त्या दुपारी तो जितका मला माहीत होता तितका जगात कोणालाच माहीत नसेल. दुसऱ्यांदा विचारायचं, एवढंच करायचं होतं. गाडी सांगता आली असती. भाऊसुद्धा पोचवून आला असता.

आत्याला उंद्रीला जायला चार वाजता चिखलीची एसटी होती. मी तिला सोडायला गेले. आमच्या घरापासून बसस्टँड दहा मिनिटांवर आहे. रस्त्याने आम्ही उन्हाविषयी, तिच्या गुडघ्याविषयी, पंगतीतल्या भाजीविषयी बोललो. एसटी लागली, ती खिडकीशी बसली, मी हात केला आणि घरी येऊन बॉक्सच्या पिना लावल्या. मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही.